उतरल्या उतरल्या रेंज येईल ना?

जगात सगळ्यात जास्त खपलेला मोबाइल कोणता? आयफोन नाही आणि सॅमसंगही नाही. तो मान नोकिया ११०० चा. २००३ साली आलेला, डोक्यावर टॉर्च असलेला, कीपॅडमध्ये धूळ न शिरू देणारा हा फोन पंचवीस कोटींच्या घरात खपला. आपल्याकडे भाजीवाल्यापासून बँकेच्या साहेबांपर्यंत ज्याच्या त्याच्या खिशात तो असायचा. पण हाच ११०० घेऊन कुणी मुंबईहून न्यूयॉर्कला उतरलं असतं, तर तिथं त्याचा उपयोग फक्त टॉर्चपुरता झाला असता!

कारण आपल्याकडे विकला जाणारा ११०० फक्त दोन पट्ट्यांवर, म्हणजे बँडवर, ऐकायचा, ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झ. अमेरिकेतले जीएसएम टॉवर मात्र ८५० आणि १९०० वर बोलायचे. म्हणून नोकियानं अमेरिकेसाठी '११००बी' नावाचा वेगळा हँडसेट काढला. रूप तेच, टॉर्च तोच, आतला रेडिओ वेगळा.

वीस वर्षांहून जास्त काळ लोटला, तरी ही गंमत संपलेली नाही. फोन घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आणि बॅटरी किती हे आपण तोंडपाठ करतो, पण परदेशात फोन लागणार की नाही हे यातल्या एकाही आकड्यावर ठरत नाही. तो फोन कोणत्या देशाच्या बाजारासाठी बनवला, यावर ते ठरतं. ही माहिती खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत आणि सेटिंगच्या एका कोपऱ्यात असते. तिकडे एकदा नीट बघायची सवय लागली, की पुढचे बरेच घोळ टळतात.

चाकं टेकली की आत काय चालतं?

समजा विमान फ्रँकफर्टला उतरलं. तुम्ही एअरप्लेन मोड काढला. पुढची काही सेकंदं फोन काहीच बोलत नाही, नुसता ऐकतो. त्याच्या रेडिओला जेवढे बँड समजतात, तेवढ्यांवर एकेक करून कान लावतो. प्रत्येक टॉवर अखंड आपली ओळख सांगत असतो. आधी देशाचा तीन आकडी क्रमांक, मग कंपनीचा. जर्मनीचा क्रमांक २६२, भारताचे ४०४ आणि ४०५. सिममध्ये आपल्या कंपनीनं भरून ठेवलेली एक यादी असते: या देशात गेलास तर आधी या नेटवर्कवर जा. फोन ती यादी बघतो आणि टॉवरला सिमचा पंधरा आकडी क्रमांक सांगतो.

जर्मन कंपनी पहिले तीन आकडे वाचते. ४०४, म्हणजे पाहुणा भारतातला. लगेच भारतातल्या कंपनीकडे विचारणा जाते: हा तुमचाच का, आणि याला रोमिंग दिलंय का? भारतातून एक कोडं येतं आणि त्याचं अपेक्षित उत्तरही येतं. जर्मन टॉवर कोडं सिमला घालतो. सिम आपल्या पोटातली गुप्त किल्ली वापरून ते सोडवतं आणि फक्त उत्तर देतं. किल्ली सिमच्या बाहेर कधीच जात नाही, जर्मन कंपनीलाही ती कळत नाही. उत्तर जुळलं की वरच्या कोपऱ्यात दांड्या उमटतात आणि 'वेलकम'चा मेसेज टिंग करून येतो. हे सगळं होईपर्यंत सीट बेल्टचा दिवासुद्धा विझलेला नसतो.

मला तरी या सगळ्यात थक्क करतं ते असं, की दोन देश, दोन कंपन्या आणि एक नखाएवढं सिम एकमेकांवर इतक्या झटकन विश्वास ठेवतात. मात्र निघण्यापूर्वी रोमिंग चालू करून घेतलं नसेल, तर भारतातून 'नाही' असं उत्तर जातं आणि तुमच्या पडद्यावर 'नो सर्व्हिस' येतं. तेव्हा फोन बिघडला म्हणून तो चारदा बंद-चालू करण्यात अर्थ नसतो.

सौदीनं युरोपला मागे टाकलं होतं!

परदेशात फोन चालण्याची सुरुवात उत्तर युरोपातल्या देशांनी केली. त्यांनी एनएमटी नावाचं एक सामाईक कारफोन तंत्र बनवलं, सीमा ओलांडली तरी चालेल असं. पण ते पहिल्यांदा ग्राहकांसाठी सुरू कुठं झालं? सौदी अरेबियात, १ सप्टेंबर १९८१ ला. स्वीडनचा नंबर त्यानंतर महिन्यानं लागला.

मग ७ सप्टेंबर १९८७ ला कोपनहेगनमध्ये १३ देशांच्या कंपन्यांनी जीएसएमच्या करारावर सह्या केल्या. १ जुलै १९९१ ला फिनलंडचे माजी पंतप्रधान हॅरी होल्केरी यांनी तांपेरेच्या उपमहापौर कारिना सुओनियो यांना जगातला पहिला जीएसएम कॉल लावला. पुढच्याच वर्षी फिनलंडच्या टेलिकॉम फिनलंडनं आणि ब्रिटनच्या व्होडाफोननं पहिला रोमिंग करार केला. आपल्याकडे अजून मोबाइलचा पत्ता नव्हता. तो आला ३१ जुलै १९९५ ला, जेव्हा पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन लावला.

पहिल्या सिमचा आकार माहितीये? एटीएम कार्डाएवढं! म्युनिकच्या गीझेके अँड डेव्ह्रिएंट कंपनीनं पहिली ३०० सिमं फिनलंडच्या रेडिओलिंजा कंपनीला विकली. आजही नवं सिम मोठ्या कार्डात कापून बसवलेलं मिळतं, ते मोठं कार्ड म्हणजे तोच मूळ आकार.

बँड बघा, ब्रँड नंतर

४जीचे बँड क्रमांकानं ओळखले जातात. भारतात मुख्यतः ३, ५, ८, ४०, ४१ आणि १. यातला बँड ३, म्हणजे १८०० मेगाहर्ट्झ, जगात सगळ्यात जास्त वापरला जातो. त्यामुळे भारतातला जवळपास कुठलाही ४जी फोन युरोप, आखात, सिंगापूर, थायलंड इथं काही ना काही पकडतोच.

अडचण अमेरिकेत येते. तिथं बँड ३ नाही. तिथली भिस्त २, १२, १३, ६६ आणि ७१ यांच्यावर. शहरात भारतीय फोन एखाद-दुसऱ्या बँडवर तग धरतो, पण यलोस्टोनला किंवा ग्रँड कॅन्यनच्या रस्त्यावर गाडी निघाली की दांड्या गळायला लागतात. याचं कारण साधं. लहरी जितक्या कमी मेगाहर्ट्झच्या, तितक्या त्या लांब जातात आणि भिंतीही सहज भेदतात. म्हणून मोकळ्या, दूरच्या भागात कंपन्या ६०० ते ९०० मेगाहर्ट्झचे बँड वापरतात. अमेरिकेत टी-मोबाइलचा बँड ७१ हा ६०० मेगाहर्ट्झचा, पूर्वी टीव्ही चॅनेलांकडे असलेला. २०१७ च्या लिलावात तो मोबाइलकडे आला. भारतातही २०२२ च्या लिलावात ६०० मेगाहर्ट्झ ठेवला होता, त्याला एकही बोली लागली नाही. साहजिकच भारतासाठी बनवलेल्या बऱ्याच फोनांत बँड ७१ घालण्याची कंपन्यांना गरज वाटत नाही.

युरोपला जाताना ३, ७ आणि २० बघा. २० म्हणजे ८०० मेगाहर्ट्झ, खेड्यापाड्यात आणि जाड भिंतींच्या जुन्या इमारतींत उपयोगी. जपानला १, ३, ८, १८, १९. ऑस्ट्रेलियाला ३ आणि २८.

बघायचं कुठं? फोनच्या नावावर जाऊ नका. एकाच नावाचा फोन भारतासाठी वेगळा, चीनसाठी वेगळा आणि 'ग्लोबल' वेगळा असू शकतो. खोक्यावरचा मॉडेल क्रमांक घ्या आणि कंपनीच्या अधिकृत माहितीपत्रकात त्या क्रमांकापुढे छापलेले बँड वाचा. दुकानदार "सगळीकडे चालतो हो ताई" म्हणाला, तरी हे पाच मिनिटांचं काम करूनच पैसे द्या.

नेट चालतं, फोन लागत नाही

हा प्रकार नव्यानं सुरू झालाय आणि तो कळायला सगळ्यात अवघड. मॅप चालतो, व्हॉट्सअॅप चालतं, पण साधा कॉल लावला की कट.

पूर्वी कॉल आला की ४जी फोन खाली उतरून ३जी किंवा २जीवर बोलायचा. अमेरिकेत आता ती पायरीच काढून टाकलीय. एटी अँड टीनं २जी २०१७ च्या पहिल्याच दिवशी बंद केलं आणि ३जी फेब्रुवारी २०२२ मध्ये. त्याच वर्षात टी-मोबाइल आणि व्हेरायझन यांचंही ३जी संपलं. म्हणजे आता कॉल ४जीवरूनच जायला हवा, त्याला म्हणतात व्होल्टी. फोनमध्ये व्होल्टी असणं पुरेसं नाही, त्या कंपनीनं तो फोन आपल्या यादीत घेतलेला असावा लागतो. एटी अँड टीनं अशी यादीच जाहीर केली होती. सगळे बँड असलेला महागडा फोन यादीत नाही म्हणून मुका बसू शकतो.

ऑस्ट्रेलियानं तर आणखी कडक पाऊल उचललं. २८ ऑक्टोबर २०२४ ला टेल्स्ट्रा आणि ऑप्टस यांनी ३जी बंद करायला घेतलं. त्याआधी असं दिसलं होतं की काही फोन एरवी ४जीवर कॉल करतात, पण आणीबाणीचा ००० नंबर लावला की गुपचूप ३जीकडे धावतात. ३जीच नसेल तर मदतीचा कॉल जाणारच नाही. सरकारनं नियम केला: असे फोन नेटवर्कवर घ्यायचेच नाहीत. मुलांकडे राहायला जाऊन तिथलं सिम घेणाऱ्या आईबाबांसाठी हे फार महत्त्वाचं आहे. जुना फोन घरात चालतोय म्हणून तोच तिकडे न्यायचा, तर आधी मुलांना मॉडेल क्रमांक कळवा आणि तिथल्या कंपनीकडून खात्री करून घ्या.

युरोपात उलटी तऱ्हा. जर्मनीनं २०२१ मध्ये ३जी बंद केलं, पण त्याहून जुनं २जी ठेवलं! एक मोठं कारण तिथल्या गाड्या. मार्च २०१८ अखेरपासून युरोपातल्या नव्या मॉडेलच्या गाड्यांना अपघात झाला की आपणहून ११२ ला कॉल करणारी यंत्रणा सक्तीची झाली आणि ती बसवली गेली जुन्या नेटवर्कवर चालणारी. एअरटेलनंही २०२० मध्ये ३जी गुंडाळून २जी चालू ठेवलं. जपानला मात्र जीएसएमचं २जी कधी आलंच नाही. म्हणूनच जगभर फिरणारे लोकसुद्धा एके काळी टोकियो विमानतळावर भाड्यानं फोन घ्यायचे.

सतरा वर्षांच्या पोरानं फोडलेलं कुलूप

परदेशी कंपन्या हप्त्यावर फोन देतात आणि त्याला आपल्या सिमचं कुलूप घालतात. दुसरं सिम टाकलं की फोन नकार देतो. २००७ मध्ये पहिला आयफोन अमेरिकेत फक्त एटी अँड टीवर चालायचा. जॉर्ज हॉट्झ नावाच्या सतरा वर्षांच्या मुलानं त्याच ऑगस्टमध्ये सोल्डरिंगची सळई हातात घेऊन ते कुलूप उघडलं. त्या फोनच्या बदल्यात त्याला मिळालं काय? निसानची ३५०झेड गाडी आणि तीन नवे आयफोन!

कॅनडानं डिसेंबर २०१७ पासून, तर ब्रिटननं डिसेंबर २०२१ पासून कुलूपबंद फोन विकायला बंदी घातली. जपानचा तसाच नियम ऑक्टोबर २०२१ चा. अमेरिकेत मात्र नेटवर्क कंपनीकडून घेतलेला फोन अजूनही कुलूपबंद असू शकतो. भाचा सुट्टीत येताना फोन आणणार असेल, तर त्याला एवढंच सांगा: "अनलॉक्डच घे रे, आणि नेटवर्क कंपनीच्या दुकानातून नको, फोन बनवणाऱ्याच्या दुकानातून घे."

सॅमसंगच्या काही खोक्यांवर वेगळंच स्टिकर असतं. ज्या भागात फोन विकला, तिथल्या सिमवरून आधी पाच मिनिटांहून जास्त कॉल करा, मगच बाहेरचं सिम चालेल. नवा फोन सीलबंद घेऊन विमानात बसण्याआधी खोकं उघडा, भारतीय सिम टाका आणि घरच्यांशी निवांत बोलून घ्या.

शेपटीवरची अक्षरं

आयफोनच्या सेटिंगमध्ये 'जनरल', मग 'अबाउट' उघडा. मॉडेल क्रमांकाच्या शेवटी दोन-तीन इंग्रजी अक्षरं दिसतील. 'एचएन' असेल तर फोन भारताचा. 'एलएल' अमेरिकेचा, 'जे' जपानचा, 'सीएच' चीनचा. दुबईहून आलाय की हाँगकाँगहून, हे विकणारा काहीही सांगो, ही अक्षरं खरं बोलतात. मुंबईत मनीष मार्केटमध्ये किंवा हिरापन्नात फोन घेताना ही एक खूण लक्षात असली तरी पुष्कळ.

या अक्षरांमागे फरक केवढे! अमेरिकेतल्या आयफोनला १४ पासून सिमचा खाचाच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच बसवलेलं सिम. चीनमधल्या आयफोनांत वर्षानुवर्षं नेमकं उलट, दोन खरीखुरी सिमं आणि ई-सिम नाही. २०२५ च्या आयफोन १७ मध्ये सौदी, यूएई, कतार, ओमान, कुवेत, बहारीन, जपान, कॅनडा, मेक्सिको इथंही खाचा गेला. म्हणजे आता आखातातून भावानं आणलेल्या नव्या आयफोनमध्ये तुमचं साधं सिम बसणारच नाही, ते ई-सिम करून घ्यावं लागेल. दुबईत विकलेल्या आयफोनांमध्ये कित्येक वर्षं फेसटाइमही नसायचं. जपानी फोनच्या कॅमेऱ्याचा खटका कितीही आवाज कमी केला तरी वाजतोच, चोरून फोटो काढू नयेत म्हणून. कोरियातही तसंच.

आणि एक चांगला फरक. जपानमध्ये लोकल, बस, चहाचं मशीन सगळीकडे चालणारं सुइका कार्ड फेलिका नावाच्या चिपवर चालतं. आयफोन ८ पासून जगातल्या कुठल्याही आयफोनमध्ये ती आहे. जपानबाहेर विकल्या जाणाऱ्या बहुतेक अँड्रॉइड फोनांवर मात्र ही सोय मिळत नाही.

"अगं, तिकडे तुझंच सिम टाकीन की!"

न्यू जर्सीहून लेकीचा फोन: "आई, रोमिंग चालू करून घेतलंस ना?"

"कशाला उगीच खर्च? तिकडे आले की तुझंच सिम टाकीन की मी."

"आणि बँकेचा ओटीपी कुठं येणार गं?"

सगळं अडतं ते इथंच. भारतीय सिम काढून पाकिटात ठेवलं की बँकेचा ओटीपी बंद, कार्डावर पैसे भरणं बंद. बरीच यूपीआय अॅपं सिम जागेवर नाही म्हटल्यावर पुन्हा पडताळणी मागतात, आणि ती करायला भारतीय नंबरवरून एसएमएस जावा लागतो. यूपीआय आता भूतान, नेपाळ, सिंगापूर, यूएई, मॉरिशस, श्रीलंका इथं काही ठिकाणी चालतं. फेब्रुवारी २०२४ पासून आयफेल टॉवरचं तिकीटसुद्धा त्यानं काढता येऊ लागलं. पण सिमच नसेल तर काय उपयोग?

म्हणून परदेशासाठी फोन घेताना मी पहिली अट घालीन ती दोन सिमांची. एक जागा खऱ्या सिमची, दुसरी ई-सिमची. खऱ्या जागेत भारतीय सिम, रोमिंग चालू पण डेटा रोमिंग बंद. बहुतेक भारतीय कंपन्यांच्या रोमिंगमध्ये येणारे एसएमएस फुकट असतात, आपला प्लॅन तेवढा तपासा. दुसऱ्या जागेत तिथलं डेटाचं ई-सिम. व्हॉट्सअॅप भारतीय नंबरवरच राहतं, ते बदलायला सांगितलं तरी बदलू नका. ई-सिमवाला पहिला फोन गूगलचा पिक्सेल २, साल २०१७. तुमच्या फोनमध्ये ई-सिम आहे का हे बघायला स्टार-हॅश-०६-हॅश दाबा. फोनच्या आयएमईआय क्रमांकाबरोबर ३२ आकडी ईआयडी दिसला, तर आहे.

ई-सिम विकत घेताना एक ध्यानात ठेवा. एअरालो आणि होलाफ्लाय ही त्यातली दोन मोठी नावं, पण जानेवारी २०२४ मध्ये दूरसंचार विभागाच्या सांगण्यावरून त्यांची अॅपं भारतातल्या अॅप दुकानांतून हटवली गेली. आपल्याकडे परदेशी सिम विकायला सरकारची परवानगी लागते. परवानगीवाल्या विक्रेत्याकडून घ्या, किंवा तिथं पोचल्यावर विमानतळावर घ्या.

चीनमध्ये चालणारं भारतीय व्हॉट्सअॅप

चीनमध्ये गूगल बंद, व्हॉट्सअॅप बंद. शांघायच्या हॉटेलचं वायफाय जोडा, दोन्ही मिळणार नाहीत. आता वायफाय काढा आणि भारतीय सिमचं रोमिंग लावा. मेसेज धडाधड यायला लागतील!

यात चलाखी काही नाही. रोमिंगमध्ये तुमचा डेटा चिनी टॉवरवरून बंद नळीतून थेट भारतात येतो आणि इथून इंटरनेटवर जातो. म्हणजे फोन शांघायला असला तरी इंटरनेटच्या दृष्टीनं तुम्ही भारतातच. त्याचमुळे जून २०२० मध्ये आपल्याकडे बंदी आलेलं टिकटॉक परदेशात भारतीय रोमिंगवर उघडेल अशी आशा धरू नये.

या फेऱ्याची किंमत वेळेत मोजावी लागते. न्यूयॉर्क ते मुंबई साधारण साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो. जाऊन-येऊन सेकंदाचा आठवा भाग नुसत्या प्रवासात गेला. रोमिंगवर पान उघडताना जी किंचित अडखळ जाणवते, तिचं मोठं कारण हे.

यूएईत अडचण वेगळी. व्हॉट्सअॅपचे मेसेज जातात, कॉल बहुधा लागत नाही. तिथं बोटिमसारखी परवाना असलेली अॅपं वापरतात. दुबईला निघण्याआधी घरच्यांच्या फोनवरही ते टाकून ठेवलेलं बरं.

स्वित्झर्लंड युरोपात आहे, पण…

१५ जून २०१७ पासून युरोपीय संघात रोमिंगचे जादा पैसे नाहीत. पॅरिसला घेतलेलं सिम रोमला त्याच दरात चालतं. पण आपल्या मराठी मंडळींच्या युरोप टूरचं मुख्य आकर्षण कोणतं? स्वित्झर्लंडचं युंगफ्राऊ! आणि स्वित्झर्लंड संघात नाही. फ्रान्समधून बस आत शिरली की स्वस्त सिमचं पॅकेज तिथंच थांबू शकतं. सिम घेताना काउंटरवर विचारायचा एकच प्रश्न: "यात स्वित्झर्लंड आहे का?"

क्रूझवर आणखी जपा. किनारा सुटला की जहाज आपलं स्वतःचं नेटवर्क चालू करतं, उपग्रहावरून. देशाचा क्रमांक ९०१, म्हणजे कुठलाच देश नाही. तुमचं देशाचं पॅक इथं लागू नसतं आणि बिल तोंडात बोट घालायला लावतं. जहाजावर पाऊल ठेवलं की एअरप्लेन मोड, मग हवं तर वायफाय.

इंग्लंडच्या डोव्हरजवळ सेंट मार्गरेट्स बे नावाचं गाव आहे. तिथं उंच कड्यामुळे ब्रिटिश टॉवर अडतो आणि समुद्रापलीकडून फ्रान्सची रेंज येते. फोन समजतो आपण फ्रान्सला पोचलो, आणि घड्याळ तासभर पुढे करून टाकतो!

पटापट

नंबर सेव्ह करताना पुढे +९१ लावाच. परदेशी कॉलसाठी भारतातून ००, अमेरिकेतून ०११, ऑस्ट्रेलियातून ००११, जपानमधून ०१०. '+' चिन्ह असलं की योग्य आकडे नेटवर्कच लावून घेतं.

तुर्कस्तानात तिथलं सिम टाकलं, तर परदेशी फोन १२० दिवसच चालतो. पुढे भरभक्कम शुल्क, नाहीतर आयएमईआय बंद. इंडोनेशियात पर्यटकाला ९० दिवस.

११२ हा नंबर जीएसएमच्या नियमातच कोरलेला आहे. स्वतःच्या कंपनीची रेंज नसली, तरी फोन हाताशी असलेल्या कुठल्याही नेटवर्कवरून तो लावायचा प्रयत्न करतो.

आपला दोन गोल पिनांचा चार्जर जर्मनी-फ्रान्समध्ये बहुतेक बसतो. ब्रिटन, सिंगापूर, दुबईत तीन चौकोनी पिना लागतात. जपानात चपट्या आणि वीज फक्त १०० व्होल्ट, तीही पूर्वेला ५० हर्ट्झ आणि पश्चिमेला ६०. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टोकियोनं जर्मन जनरेटर घेतले आणि ओसाकानं अमेरिकन, ते अजून तसंच. चार्जरवर '१००-२४०' छापलेलं असेल तर काळजी नाही.

पॉवर बँक चेक-इन बॅगेत नको, हातातल्या बॅगेतच. मर्यादा १०० वॉट-तास. वीस हजार एमएएचची ७४ भरते, म्हणजे चालते. विमानात ती वापरू देतील असं मात्र धरून चालू नका. सिंगापूर एअरलाइन्सनं एप्रिल २०२५ पासून आणि एमिरेट्सनं ऑक्टोबर २०२५ पासून ते बंद केलं.

उलट दिशेचे पाहुणे

परदेशातून गोव्याला किंवा हिमालयात येणाऱ्या मित्रांना एक गोष्ट आवर्जून कळवा. उपग्रह फोन भारतात परवानगीशिवाय आणणं गुन्हा आहे. थुराया, इरिडियम तर आलेच, पण गिर्यारोहक जवळ ठेवतात ते गार्मिनचं इनरीच उपकरणसुद्धा. २६/११ च्या हल्लेखोरांनी उपग्रह फोन वापरला होता, तेव्हापासून तपासणी फार काटेकोर झाली. त्यांच्या देशात जे यंत्र जीव वाचवतं, ते बॅगेत सापडल्यामुळे गोव्याच्या विमानतळावरही पाहुण्यांना अडवलं गेलंय. आयफोनची उपग्रहावरून मदत मागायची सोयही भारतात चालत नाही.

आणि देशातल्या देशात सगळ्यात जास्त मराठी पर्यटक कुठं अडकतात? श्रीनगरला. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये मुकं होतं, पोस्टपेड चालतं. फोन कितीही भारी असो, त्यानं यात काही फरक पडत नाही. घरातल्या निदान एकाचं तरी सिम पोस्टपेड करून घ्या, आणि ते तिकिटं काढली त्याच आठवड्यात करा, निघायच्या आदल्या संध्याकाळी नको.